उजवीकडचा टीव्ही

"काका, स्क्रीनला हात नका लावू, प्लीज. डाग उठतात."

"अरे बाबा, हात लावल्याशिवाय कळायचं कसं?" असं म्हणत सयाजीने टीव्हीच्या कडेवरून तळवा फिरवलाच. अगदी हलका, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर फिरवावा तसा. मग मान तिरकी केली, गुडघ्यात वाकला, एक डोळा मिटला आणि काचेत पडलेलं छतातल्या दिव्यांचं प्रतिबिंब न्याहाळू लागला. शोरूमचा सेल्समन शेखर, टाय लावलेला तिशीचा माणूस, त्याच्यामागे मुकाट उभा होता. दिवाळीपासून हे गिऱ्हाईक त्याच्या चांगलं ओळखीचं झालं होतं. येतं, बघतं, वाकतं, नाही नाही ते विचारतं आणि शेवटी 'बघू' म्हणून निघून जातं.

मागे सोफ्यावर सयाजीची बायको, कस्तुरा, बसली होती. पर्स मांडीवर, पदर नीटनेटका, चेहरा हसरा. नवऱ्याच्या या नादापायी पिंपरीपासून वाकडपर्यंतच्या दुकानांतले सोफे तिने पाठ केले होते. कधी कुरकुर नाही. चला म्हटलं की चपला पायात.

आता हा सयाजी घोलप काय चीज आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला चक्रम म्हणून मोकळे व्हाल. मूळचा परांड्याकडचा. मिसरूड फुटलं तसा पोटासाठी इकडे आला आणि चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात चिकटला तो चिकटलाच. काम काय, तर रंग तपासायचा. रंगून आलेली गाडी ट्यूबलाइटांच्या बोगद्यात येऊन उभी राहायची आणि सयाजी तिच्याभोवती नवरीभोवती करवली फिरावी तसा फिरायचा. पातळ हातमोजा घालून आधी तळवा, मग नजर. रंगाखाली अडकलेला धुळीचा कण, कुठे सुटलेला ओघळ, टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, काही म्हणता काही सुटायचं नाही. घोलपने पास केली म्हणजे ब्रह्मदेवाचा बाप आला तरी खोट काढणार नाही, असं साहेब लोक म्हणायचे. सयाजीला ते ऐकायला आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

त्या कामात एक नियम होता. त्याला म्हणायचे 'दुसरी नजर'. एकट्या माणसाच्या शब्दावर गाडी पुढे जायची नाही. पहिल्याने बघून झालं की दुसऱ्याने बघायचं, आणि दुसरा बघत असताना पहिल्याने तोंड उघडायचं नाही. 'इथं काही वाटतंय का रे?' एवढंही विचारायचं नाही. आपण एकदा बोललो की आपलं मत समोरच्याच्या डोळ्यात जाऊन बसतं, मग तो गाडी बघतच नाही. सयाजीने हा नियम उभी नोकरी पाळला आणि नव्याने आलेल्यांच्या डोक्यात हातोडीने ठोकावा तसा ठोकला.

कंपनीतली खोड घरात न आली तरच नवल. मेथीची जुडी हा माणूस उन्हात धरून बघायचा. कस्तुराच्या साड्यांचे काठ बघायचा. लेक दिव्या लग्नाची झाली तेव्हा बघायला आलेल्या मुलाला त्याने चहा प्यायला दारात, उन्हात उभं केलं होतं. का, तर म्हणे घरात उजेड कमी आहे! दिव्या आता सांगवीला सुखाने नांदते आहे, म्हणून ते हसण्यावारी गेलं.

आणि टीव्हीचंच एवढं काय? तर त्यालाही कारण होतं. चिखलीत दोन खोल्या घेतल्यापासून नवरा-बायकोने एकत्र बसून टीव्ही असा कधी पाहिलाच नव्हता. फर्स्ट शिफ्ट असली की सयाजी पहाटेच्या उठण्याने इतका दमायचा की जेवला की आडवा. सेकंड असली की संध्याकाळभर कंपनीत. नाइट असली की ऐन दिवेलागणीला कंपनीच्या बसची घाई. कस्तुरा छोट्या टीव्हीवर एकटीच मालिका बघायची आणि तो जेवायला बसला की त्याला गोष्ट सांगायची. कुठल्या सुनेने सासूला कसं उघडं पाडलं, कोणाचा मेलेला नवरा कसा परत आला, सगळं हावभावासकट. सयाजी भाकरी मोडत ऐकायचा आणि म्हणायचा, "रिटायर होऊ दे गं मला. भिंतीएवढा टीव्ही घेतो. दोघं शेजारी शेजारी बसू. कोण मेलं अन् कोण जगलं, बघू तरी."

कस्तुरा म्हणायची, "बसलाव तुमी! बसल्या बसल्या घोराय लागाल."

पण ती वाट बघत होती. संसाराकडून तिचं फार मागणं कधी नव्हतंच. संध्याकाळी माणूस शेजारी असावा, एवढंच होतं.

दिवाळीच्या तोंडावर सयाजी रिटायर झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. आणि गडी टीव्हीच्या मागे लागला तो हात धुऊन. साधा घ्यायचा नाही हे आधीच ठरलेलं. ओएलईडी म्हणजे काय हे त्याला शेखरनेच समजावलं होतं. "काका, साध्या टीव्हीत पडद्याच्या मागे दिवा असतो. तो सगळीकडे झिरपतो, म्हणून त्यातला काळा रंग राखाडी दिसतो. ह्यात मागे दिवाच नाही. एकेक ठिपका आपापला पेटतो, आपापला विझतो. काळं म्हणजे काळंच."

जन्मभर रंग बघितलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? सयाजी तिथेच पाघळला. पण पाघळला म्हणून लगेच घेईल तर तो घोलप कसला! आपल्या खिडकीतून उजेड येतो, तो काचेत चमकेल का? बातम्यांच्या चॅनेलचं चिन्ह एकाच कोपऱ्यात राहून त्याचा कायमचा डाग पडतो म्हणतात, ते खरं का? बाजूला बसलेल्या माणसाला रंग फिके दिसतात का? एका दुकानात एक ऐकायचं, दुसऱ्यात दुसरं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पाडवा तोंडावर आला. प्रत्येक वेळी तो कस्तुराला विचारायचा, "कसा वाटतो?" आणि ती म्हणायची, "तुमी म्हणाल तो."

हल्ली रस्त्याने चालताना कस्तुरा त्याचा दंड धरायची. सयाजी पहिल्यांदा ओशाळला होता. चारचौघांत हे काय! मग त्याला बरं वाटू लागलं. म्हातारपणी का होईना, बायकोला आपली सोबत हवीशी वाटते आहे, असं वाटून तो छाती काढून चालायचा.

"आज निकाल लावायचा शेखरभाऊ," तो म्हणाला. "लई झालं."

शेखरने देवाचे आभार मानले असतील. त्याने दोघांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि कस्तुराला तिथल्या सोफ्यावर बसवलं. भिंतीवर शेजारी शेजारी दोन टीव्ही. डावीकडे साधा पण चांगल्यातला, उजवीकडे ओएलईडी. दोन्हींवर त्याने एकच फिल्म लावली. रात्रीची नदी, पाण्यावर सोडलेले दिवे, मग पहाटेचा फुलबाजार. आवाज छतातल्या स्पीकरमधून येत होता. शेखर सवयीने बोलत होता, "बघा काकू, झेंडूचा ढीग बघा. पाकळी न् पाकळी सुटी दिसते. आणि नदीचं पाणी? काळंभोर!"

"व्हय की," कस्तुरा म्हणाली.

सयाजी कामाला लागला. डावीकडचा आटोपता घेतला, उजवीकडच्यापाशी मात्र रेंगाळला. मोबाइलची बॅटरी लावून काचेवर मारली. कोपऱ्यात जाऊन बघितलं, भिंतीला गाल टेकवून बघितलं. खाली वाकला तसा त्याचा गुडघा कटकन वाजला. नदीचं काळं पाणी आणि टीव्हीची काळी चौकट यांच्यात कुठे शिवण सापडेना. मनातल्या मनात त्याने टीव्ही पास केला. पण नियम तो नियम.

"आता दुसरी नजर," तो म्हणाला. "कस्तुरा, मी तोंडातून अक्षर काढणार न्हाई. शेखरभाऊ, तुमीबी बोलायचं न्हाई. तू दोन्ही बघ अन् सांग. डावा का उजवा?"

"आवं, मला काय कळतंय त्यातलं? तुमी म्हणाल तो."

"दिवाळीपासनं तेच म्हणतीयास. आज तुझं तू सांग. शेवटी तूच बघणार हाईस नव्हं?"

शेखर फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायला गेला. डावीकडची लागली. उजवीकडच्या टीव्हीचा पेन ड्राइव्ह काही केल्या धरेना, म्हणून त्याने तो टीव्ही बंद केला आणि ड्राइव्ह काढून पुसायला लागला. छतातून नदीचा आवाज येऊ लागला, नावाड्याची हाळी आली, मग बाजाराचा कल्ला. कस्तुराने मान जरा कलती केली. तिला वाटलं, आपल्यासाठीच सगळे थांबलेत.

"उजवा," ती म्हणाली. "उजवाच घ्या. काय रंग उठल्यात त्याच्यात! झेंडू तर हाताला लागंल असा वाटतोय बगा."

उजवीकडचा टीव्ही काळा ठिक्कर होता.

शेखरने तोंड उघडलं, पण सयाजीने हात वर केला. कंपनीत दुसरा बघत असताना कोणी बोलू लागलं की तो असाच हात वर करायचा. त्याला आधी वाटलं, बायको थट्टा करते आहे. दिवाळीपासून छळल्याचा सूड उगवते आहे. तो हसायलाही लागला होता. पण कस्तुरा त्या काळ्या काचेकडे तोंड करून तशीच कौतुकाने बसली होती, आणि थट्टा करताना तिच्या गालाला पडायची ती खळी पडलेली नव्हती.

एकदा बघून तो कधीच मानायचा नाही. त्याने आवाज सारखा ठेवून विचारलं, "अन् डाव्यात काय कमी हाय?"

"डावा जरा फिक्का वाटतोय. उजव्यात पाणीबी कसं हलल्यागत दिसतंय."

सयाजी तिच्या शेजारी जाऊन बसला. उजव्या बाजूला. त्याने हात हळूच उचलला आणि तिच्या गालाजवळ, डोळ्याच्या कडेला नेला. अगदी जवळ. पापणी लवली नाही.

एकेक गोष्ट आता त्याच्या अंगावर येऊ लागली. संक्रांतीला तिळाच्या लाडवात खडा निघाला तेव्हा आपण तिला हसलो होतो. शेजारच्या सोजराबाई हल्ली तांदूळ निवडायला येऊन बसायच्या, आपल्याला वाटलं गप्पांना येतात. आणि ते थेंब! सोजराबाईंबरोबर ती देवळातल्या डोळे तपासणी शिबिराला गेली होती. काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, आग होती, थेंब दिल्यात." ते थेंब दर वेळी सयाजीनेच मेडिकलमधून आणले होते. बाटलीचं सील नीट आहे का बघितलं होतं. तारीख बघितली होती. एकदा तर झाकणाला चीर आहे म्हणून बदलून आणली होती. थेंब कशाचे, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं. आणि तिने दंड धरला की छाती काढून चालत होता, मूर्ख कुठला!

"चल," तो म्हणाला. "जरा भाईर बसू."

शेखरने दार धरलं. शोरूमच्या पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. समोर हायवेला गाड्यांची रीघ लागली होती. सयाजीने तिला हाताला धरून वरच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"कस्तुरा!"

ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "टीव्ही बंद होता व्हय?"

"व्हय."

"तरीच शेखरभाऊंचा आवाज गेला," असं म्हणून ती हसली. "मला वाटलं, जमलं. तुमी उजव्या अंगाला लई येळ होता. गुडघाबी तिकडंच वाजला तुमचा. म्हटलं, मालकाचा जीव उजव्यावर बसलाय."

"अगं, पण झालंय काय डोळ्याला?"

"काचबिंदू म्हणत्यात. उजवा गेला कवाच. डाव्यात हाय थोडं, मदोमद. सुईच्या नेढ्यातनं बघितल्यावानी. त्यातबी कधी धुकं."

"अन् मला सांगावं वाटलं न्हाई?" सयाजी ओरडलाच. पायऱ्या चढणारं एक जोडपं थबकून बाजूने गेलं. "मी काय परका हाय? सोजराबाईला म्हाईत, त्या शिबिरातल्या डॉक्टरला म्हाईत, अन् घरात राहणारा मी, मला पत्ता न्हाई!"

"सांगणार होते. पर तुमचा निरोपसमारंभ होता. म्हटलं, हे होऊ दे. मग तुमी टीव्हीचं काढलं. किती खुशीत होता तुमी! रोज सकाळी उठून कागदावर कायतरी मापं काढायचा, भिंत मोजायचा. उभ्या जन्मात तुमाला असं बघितलं नव्हतं मी. म्हटलं, टीव्ही येऊ दे घरी. एकदा शेजारी बसू. मग सांगू."

सयाजीच्या ओठावर एक प्रश्न आला आणि तो विचारू नये असं त्याला फार वाटलं. तरी त्याने विचारला. "दिवाळीला दिसत होतं तुला? टीव्हीवरचं?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. "त्या पयल्या दुकानात एक मोर दाखवला बगा. त्यो दिसला होता."

पहिल्या दुकानातला टीव्ही सयाजीने नापास केला होता. काचेत खिडकी चमकते म्हणून. आता तो पायरीवर मटकन बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. भर रस्त्यावर, दुपारी. वडील गेले तेव्हाही असा रडला नव्हता. आपणच दुकानं फिरत बसलो आणि तिच्या डोळ्यातला एकेक दिवस खाल्ला, असं त्याला वाटत होतं आणि ते खोटंही नव्हतं. कस्तुराने चाचपडत त्याची पाठ शोधली आणि थोपटत राहिली.

"टीव्ही घ्या मातर," ती म्हणाली. "तुमची लई हौस हाय."

"चुलीत गेला टीव्ही!" तो नाक पुसत म्हणाला. "उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं. उद्या कशाला, आत्ताच जायचं."

"जाऊ. पर आस धरू नका. गेलेलं माघारी येत न्हाई म्हणाले. ऱ्हायलेलं राखायचं, तेबी जमलं तर."

आतून शेखर पाण्याची बाटली घेऊन आला. त्याने ती कस्तुराच्या हातात नीट धरवली, झाकण आधीच काढलेलं होतं, आणि तसाच परत गेला. ती पाणी प्याली. सयाजी तिच्या तोंडाकडे बघत होता. किती दिवसांत आपण असं बघितलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

"कस्तुरा," तो म्हणाला, "मी दिसतो का गं तुला?"

"आवाज येतोय की."

"तसं न्हाई. तोंड. माझं तोंड दिसतंय का?"

"असं बाजूला बसलाव तर न्हाई दिसत. नेमकं म्होरं यावं लागतंय."

सयाजी उठला. दोन पायऱ्या खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "आता?"

"पोट दिसतंय. शर्टाची गुंडी."

तो वाकला. "आता?"

"जरा इकडं. न्हाई, माझ्या डाव्या हाताला. लई गेलाव. माघारी या. अजून थोडं खाली."

रस्त्याने जाणारे लोक बघत होते. एक म्हातारा पायऱ्यांवर वाकून मान इकडून तिकडे सरकवतो आहे आणि समोर बसलेली बाई त्याला हुकूम सोडते आहे. एका रिक्षावाल्याने तर रिक्षा हळू केली. सयाजीने कोणाकडे लक्ष दिलं नाही. केसाएवढा डावीकडे, केसाएवढा वर.

"हां!" कस्तुरा म्हणाली. "हां, दिसलाव. हलू नका आता."

तो श्वास धरून थांबला. तिने डोळा बारीक केला आणि ती बघू लागली. आधी कपाळ असावं, मग डोळे, मग गाल. सावकाश, एकेक करत.

"मिशा पार पांढऱ्या झाल्या की वो," ती म्हणाली. "कवा झाल्या?"

सयाजीने ओठ घट्ट मिटून धरले. बोललं तर तोंड हललं असतं.

"अन् किती वाळलाव! गालफाडं बसली समदी. मी जेवाय वाढत हुते ना तुमाला नीट?"

हायवेवरून भरलेल्या बसेस शिफ्ट सुटलेल्या माणसांना घेऊन चालल्या होत्या. ऊन सरकून पायरीच्या कडेला आलं. सयाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहून मिशांत उतरत होतं, पण त्याने ते पुसायला हात उचलला नाही. ती बघत होती तोवर तो तसाच वाकून उभा राहिला.